महागड्या शहरात परवडणारं भाड्याचं घर आणि वस्ती कशी शोधावी

नोकरी लागते, बदली होते किंवा शिक्षणासाठी मोठ्या शहरात जायचं ठरतं. मग घरभाड्याचे आकडे समोर येतात आणि बरा वाटणारा पगार अचानक तोकडा दिसू लागतो. अशा वेळी बहुतेक जण जाहिरातींचं अ‍ॅप उघडतात, भाड्याची वरची मर्यादा टाकतात आणि समोर येईल ती यादी चाळत बसतात. चार-सहा दिवसांत मन खचतं आणि हाती लागेल त्या घराला होकार दिला जातो.

इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी स्वतःच्या पैशांचा हिशेब, मग प्रवासाचा वेळ, मग वस्ती, आणि प्रत्यक्ष घर सगळ्यांत शेवटी. या क्रमाच्या मुळाशी असलेली गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आजूबाजूच्या घरांपेक्षा एखादं घर स्वस्त असेल तर त्याला काहीतरी कारण असतं. ते कारण हुडकून काढायचं आणि इतरांना खुपणारी ती गोष्ट आपल्याला चालण्याजोगी आहे का, हे ठरवायचं. बिनालिफ्टचा चौथा मजला गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी रोजची शिक्षा असते. धडधाकट तरुणाला मात्र तो फक्त कमी भाडं देऊन जातो. परवडणारं घर मिळवणं म्हणजे बहुतांशी स्वतःला चालणारी उणीव निवडणं.

आधी आकडा ठरवा, पण नुसत्या भाड्याचा नको

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं, हा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्याचा उगम माहीत असला तर त्याच्यावर किती विसंबायचं हे कळतं. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांकडून किती भाडं घ्यावं यावर १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. म्हणजे हा एका सरकारी योजनेतला आकडा आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्याला ३५ टक्केही झेपतील; ज्याला दोन हप्ते फेडायचे आहेत आणि घरी पैसे पाठवायचे आहेत त्याला २५ टक्केही जड जातील.

म्हणून हिशेब दुसऱ्या टोकाकडून करा. हातात येणाऱ्या रकमेतून न टाळता येणारे खर्च आधी वजा करा: हप्ते, विमा, औषधं, जेवण, घरी पाठवायची रक्कम, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे पैसे. उरेल त्यात भाडं, वीज, पाणी, देखभाल, इंटरनेट आणि रोजचा प्रवास एवढं सगळं बसायला हवं. शिकागोतल्या ‘सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने घर आणि प्रवास एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. टक्केवारी तुमची तुम्ही ठरवा, पण एकत्र मोजण्याची ही सवय मात्र जरूर उचला.

का ते एका उदाहरणाने बघू. समजा, महिन्याला १०० हातात येतात. पहिलं घर कामाच्या ठिकाणाजवळ आहे: भाडं ३८, वीज-पाणी वगैरे ४, प्रवास २; एकूण ४४. दुसरं शहराच्या टोकाला: भाडं २७, वीज-पाणी ४, पण बस, गाडी आणि अधूनमधून टॅक्सी मिळून प्रवास १०, एकूण ४१. जाहिरातीत हे दुसरं घर ११ ने स्वस्त दिसत होतं, प्रत्यक्षात फरक ३ चाच राहिला. आता तिसरं घर घ्या. ते जलद गाडीच्या मार्गावर आहे, पण सगळे जिथे शोधतात त्या स्टेशनांच्या दोन थांबे पुढे: भाडं ३०, वीज-पाणी ४, प्रवास ५, एकूण ३९. भाडं दुसऱ्या घराचं सर्वांत कमी असलं, तरी महिनाअखेरीस सर्वांत स्वस्त पडतं ते तिसरं.

आणि यात वेळ अजून धरलेलाच नाही. टोकाच्या घरातून एका बाजूला ७५ मिनिटं लागत असतील आणि तिसऱ्या घरातून ३५, तर रोजचा फरक ८० मिनिटांचा. महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ते २९ तासांहून जास्त होतात. स्वित्झर्लंडमधल्या ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या दीर्घकालीन सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली. ज्यांचा कामावर जाण्या-येण्याचा प्रवास लांबचा होता ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचं त्यांना दिसलं. स्वस्त घर किंवा चांगला पगार यांनी ती झीज भरून निघायला हवी होती, पण निघत नव्हती. घर निवडताना माणूस खोलीचा आकार डोळ्यांनी बघतो, प्रवासाचा शीण मात्र कल्पनेतच तोलतो, आणि त्यामुळे तो नेहमी कमी भरतो.

भाडं म्हणजे नेमकं काय काय

जाहिरातीतल्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, हे प्रत्येक शहरात वेगळं असतं. जर्मनीत थंड भाडं आणि उबदार भाडं असे दोन शब्दच आहेत. थंड भाडं नुसत्या जागेचं, उबदार भाड्यात घर गरम ठेवण्याचा आणि इमारतीचा खर्चही येतो. सोलमध्ये दरमहा भाड्याऐवजी मोठी एकरकमी ठेव देऊन राहण्याची पद्धत आहे. तोक्योत काही घरमालक परत न मिळणारी ‘कृतज्ञता रक्कम’ घेतात. तुमच्या शहराची रीत काहीही असो, पहिल्याच फोनवर एवढं विचारून घ्या: देखभाल खर्च भाड्यात धरलाय का, पाण्याचे पैसे वेगळे का, विजेचं मीटर स्वतंत्र आहे का, वाहन लावण्याचे पैसे किती, अनामत रक्कम किती आणि परत कधी मिळते, दलाली कोण देतं.

एकदाच द्यावे लागणारे खर्च महिन्यांत वाटून बघा. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी आणि सामान हलवायला अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतका खर्च आला, तर एकूण दीड महिन्याचं भाडं झालं. एकाच वर्षात घर सोडलंत तर दरमहा भाड्यात १२.५ टक्क्यांची भर पडली असं समजा. तीन वर्षं राहिलात तर तीच भर साधारण ४.२ टक्के होते. म्हणून थोडं जास्त भाडं असलेलं पण टिकाऊ घर पुष्कळदा स्वस्तच पडतं.

‘पहिला महिना मोफत’ या सवलतीचंही असंच. बारा महिन्यांच्या करारात एक महिना मोफत म्हणजे सुमारे ८.३ टक्के सूट, हे खरं. पण पुढच्या वर्षीची वाढ मूळ आकड्यावर होते. दोन वर्षं राहायचं असेल तर मोफत महिन्यापेक्षा दरमहा भाडंच तेवढं कमी करून मागा.

शोधाची रेषा आखा

शहराच्या मध्यापासून बाहेर जावं तसं भाडं उतरतं, हे ढोबळमानाने खरं आहे. पण ते सगळ्या दिशांना सारखं उतरत नाही. रेल्वे, मेट्रो आणि जलद बसच्या मार्गांवर ते चढं राहतं, मार्गांच्या मधल्या पट्ट्यांत पटकन खाली येतं. चांगली घरं सापडतात ती या दोहोंच्या सीमेवर: मार्गाला धरून, पण नावाजलेल्या थांब्याच्या पुढे, किंवा स्टेशनापासून पाच ऐवजी पंधरा मिनिटांच्या चालीवर.

हे असं करा. घरातल्या प्रत्येकाचं रोज जायचं ठिकाण कागदावर लिहा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ‘इतक्या वाजता पोहोचायचं’ हा पर्याय निवडून कामाच्या दिवसाची सकाळची वेळ टाका. रविवारी दुपारी नकाशा उघडून मिळालेली वेळ काही कामाची नाही. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की वाहनं कितीही बदलली तरी माणूस दिवसाला सरासरी सुमारे एक तासच प्रवासाला देतो, आणि गावं-शहरं त्या मापानेच पसरतात. मोठ्या शहरात एकूण एका तासात भागणं अवघड आहे. तरी एका बाजूला ४५ ते ५० मिनिटांची हद्द मी तरी ओलांडणार नाही. ती हद्द ठरली की त्या वेळेत पोहोचता येईल अशा सगळ्या थांब्यांची यादी करा, ज्यांची नावंही ऐकलेली नाहीत त्यांची सुद्धा.

या यादीतले काही थांबे तीन गोष्टींवर गळतील. पहिली म्हणजे गाड्या बदलणं. एका गाडीत बसून ४५ मिनिटं आणि दोनदा बदलून ४० मिनिटं यांत पहिला प्रवास पुष्कळ बरा. बदलताना एक गाडी चुकली की सगळं गणित कोसळतं. दुसरी, गाडी किती वेळाने येते. दर ५ मिनिटांनी येणाऱ्या गाडीचं वेळापत्रक बघावं लागत नाही; अर्ध्या तासाने येणारी गाडी तुमचा दिवस आखून देते. तिसरी, शेवटची गाडी. कामाच्या वेळा उशिरापर्यंत असतील तर एवढ्या एका मुद्द्यावर अख्खी वस्ती बाद होऊ शकते.

स्टेशनापासूनची चाल स्वतः चालून बघा. जपानमध्ये घराच्या जाहिरातींसाठी ८० मीटर म्हणजे १ मिनिट असं माप ठरलेलं आहे, पण सिग्नलला थांबणं आणि चढ त्यात धरत नाहीत. जिथे असं मापच ठरलेलं नसतं तिथल्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’वर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

स्वस्त आहे, पण का?

आता मुख्य भाग. यादीतल्या चार-पाच वस्त्यांमध्ये साधारण सारख्या आकाराच्या घरांचं भाडं काय चाललंय, ते आठवडाभर रोज बघा. फक्त टिपून ठेवा, फोन करू नका. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक वस्तीचा चालू भाव तुम्हाला दलालाइतकाच कळलेला असेल. मग चालू भावापेक्षा खाली दिसणाऱ्या प्रत्येक घराला एकच प्रश्न लावा: हे स्वस्त का?

काही कारणं निरुपद्रवी असतात. लिफ्ट नाही. इमारत जुनी आहे पण बांधणी भक्कम. स्वयंपाकघर अरुंद. वाहन लावायला जागा नाही, आणि तुमच्याकडे वाहनच नाही. खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण तुम्ही दिवसभर बाहेर असता. जवळ स्मशान आहे म्हणून लोक बिचकतात. फोटो वाईट काढलेत. घरमालक वयस्कर आहेत, त्यांना अ‍ॅप जमत नाही, त्यामुळे घर फक्त पाटीवर लागलंय. वस्तीचं नाव पंधरा-वीस वर्षांपूर्वी बदनाम झालं, वस्ती सुधारली पण नाव तसंच राहिलं. यांतलं जे तुम्हाला चालतं त्याची यादी शोध सुरू करण्यापूर्वीच लिहून काढा. घरात दोघं-तिघं असाल तर प्रत्येकाने वेगवेगळी लिहून मग जुळवा. पुढे होणारे पुष्कळसे वाद तिथेच मिटतात.

काही कारणं घासाघिशीची असतात: चालतात, पण त्यांची किंमत भाड्यात उतरलेली हवी. वाहतुकीचा आवाज हे त्यांतलं सर्वांत मोठं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज दिवस-रात्रीच्या सरासरीने (रात्रीचा आवाज जास्त त्रासाचा धरून) ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. मोठ्या रस्त्यावरची घरं याच्या खूपच वर असतात. त्याच इमारतीतलं मागच्या अंगाचं घर मात्र शांत असू शकतं, म्हणून इमारत बाद करण्याआधी दुसऱ्या बाजूचं घर रिकामं आहे का ते विचारा. पश्चिमेची मोठी खिडकी उष्ण शहरात दुपारनंतर खोली तापवते आणि विजेचं बिल वाढवते. सर्वांत वरचा मजला तापतो किंवा गळतो, तळमजल्यावर ओल येते. अशी घरं सरसकट टाळायची गरज नाही, पण त्यांचा वाढीव खर्च महिन्याच्या आकड्यात मिळवून मगच तुलना करा.

आणि काही कारणांना किंमतच नसते. बुरशी धरलेली भिंत, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस असेल तर. बाहेर पडायला एकच वाट आणि तीही सामानाने अडलेली. खिडकी नसलेली झोपायची खोली. परवानगी नसताना पाडलेले खोल्यांचे तुकडे. पाण्याचा भरवसा नसणं. ज्याच्या नावावर घर नाही असा ‘मालक’. ही घरं कितीही स्वस्त असली तरी मागे फिरा. हातात पैसे कमी असताना असं घर मोहात पाडतं, आणि तिथून निघायला लागणारा खर्चही पुन्हा तुमच्याच खिशातून जातो.

कधी कधी स्वस्ताईचं कारण भविष्यात असतं. इमारत पाडायची ठरली असेल तर मालक कमी भाड्यात वर्षभरासाठी कुणालाही ठेवतो. शेजारी मेट्रोचं खोदकाम चालू असेल तर आज धूळ, आवाज आणि कमी भाडं. मार्ग सुरू झाला की भाडं चढणार. खोदकाम संपत आलंय आणि मालक दोन-तीन वर्षांचा करार आजच्या भाड्याने करायला तयार आहे, असा योग जुळला तर सोडू नका.

घर वाटून घेणं आणि सरकारी पर्याय

एकट्याने लहान घर घेणं दर चौरस फुटामागे महागच पडतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दार प्रत्येक घराला एकेक लागतंच, आणि लहान घरांना मागणीही जास्त असते. म्हणून तीन खोल्यांचं घर तिघांत घेतलं तर माणशी भाडं एका खोलीच्या स्वतंत्र घरापेक्षा बहुधा बरंच कमी येतं. मात्र तिघांचीही नावं करारात असावीत. एक जण मध्येच गेला तर त्याचं भाडं कोण भरणार आणि त्याच्या अनामतीचा वाटा कोण परत देणार, हे राहायला जाण्याआधी कागदावर लिहून घ्या. भांडी आणि झोपेच्या वेळा यांवर बोलायला संकोच वाटतो, तरी बोला.

नियंत्रित भाड्याची किंवा नगरपालिकेची घरं तुमच्या शहरात आहेत का, हे पहिल्या आठवड्यातच शोधा. व्हिएन्नात नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. न्यूयॉर्कमध्ये जवळपास १० लाख घरांच्या भाडेवाढीवर नियंत्रण आहे, आणि अशा घरातला भाडेकरू आपल्या घराच्या जुन्या भाड्यांची नोंद राज्य सरकारकडून मागवू शकतो. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणूनच नाव लवकर नोंदवायचं. नोंदणीला फारसा खर्च नसतो आणि वर्षं आपल्या गतीने जातच असतात.

कधी आणि कुठे शोधायचं

ज्या शहरात विद्यार्थी जास्त तिथे शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर घरं महाग असतात. बोस्टनमध्ये भाडेकरारांचा मोठा वाटा १ सप्टेंबरला सुरू होतो. मॉन्ट्रियलमध्ये १ जुलै हा घरं बदलण्याचाच दिवस झाला आहे. आपल्या शहराची अशी लाट कोणती ते विचारून घ्या आणि ती ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी शोधा. पर्याय कमी असतात, पण रिकाम्या घराचा मालक ऐकून घेतो.

दुरून, फक्त व्हिडिओ बघून वर्षाचा करार करू नका. शक्य असेल तर पहिला महिनाभर एखादी खोली, वसतिगृह किंवा ओळखीच्यांकडे तात्पुरती सोय करा. त्या महिन्याचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, पण चुकीच्या वस्तीत अडकून पडण्यापेक्षा ते फार थोडे असतात.

अ‍ॅपशिवायच्या वाटा लक्षात ठेवा. चांगली स्वस्त घरं बहुधा जाहिरातीत येण्याआधीच जातात. कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सांगा. आवडलेल्या वस्तीत इमारतींच्या पहारेकऱ्यांशी, किराणा आणि औषधाच्या दुकानदारांशी बोला. कोण घर सोडतंय हे त्यांना महिनाभर आधी कळतं. एखादं घर तुम्हाला आवडलं पण दुसऱ्याला गेलं, तर दलालाला म्हणा, ‘याच इमारतीत पुढचं घर रिकामं झालं की मला पहिला फोन करा.’ नेमकं काय हवं ते सांगणारं गिऱ्हाईक दलालाच्या लक्षात राहतं.

कागदपत्रं तयार ठेवा: ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाची दोन ओळींची शिफारस, अनामत रकमेची सोय. महाग शहरात चांगलं घर दोन दिवसही थांबत नाही.

वस्तीत तीनदा जा

कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळी, रात्री नऊ-दहानंतर, आणि सुट्टीच्या दिवशी. पावसाळी शहर असेल तर मोठ्या पावसानंतर लगेच एकदा. पाणी कुठवर चढतं ते भिंतींवरच्या रेषांवरून कळतं.

सकाळी स्टेशनावर उभं राहून बघा, भरलेल्या गाडीत शिरता येतं का. तुमच्या आधीच्या थांब्यांवरच गाड्या भरून येत असतील तर कागदावरची ३५ मिनिटं प्रत्यक्षात ५० होतात. रात्री स्टेशनापासून घरापर्यंत चाला. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, लोकांची जा-ये आहे का. घरातली जी व्यक्ती उशिरा एकटी परतणार आहे तिने हे स्वतः चालून ठरवावं, तिच्या वतीने दुसऱ्या कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी ध्वनिक्षेपक, रस्त्यावरचा बाजार, शेजारच्या सभागृहातले कार्यक्रम कळतात.

रोजच्या गोष्टी पायी मिळतात का ते मोजा: भाजी, किराणा, दवाखाना, कपडे धुण्याची सोय, मुलं असतील तर शाळा आणि मोकळं मैदान. उच्चभ्रू वस्तीच्या काठावर स्वस्त घर मिळालं तरी दुकानं त्या वस्तीच्याच भावाची असतील, तर बचत तिथे गळते. शेजाऱ्यांना ‘वस्ती कशी आहे’ असं विचारू नका. ‘चांगली आहे’ यापलीकडे काही कळत नाही. ‘उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं’, ‘मागच्या वर्षी भाडं किती वाढवलं’, ‘रात्री आवाज कशाचा येतो’ असे प्रश्न विचारा, म्हणजे लोक मोकळेपणाने सांगतात.

घर बघताना

दिवसाउजेडी जा आणि आत शिरताच दिवे बंद करायला सांगा. मग पाणी: दोन नळ एकदम सोडून दाब बघा, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, सांडपाणी लगेच ओसरतं का. खिडक्या बंद करून एक मिनिट गप्प उभे राहा, मग उघडून पुन्हा. कपाटं उघडून मागच्या भिंतीला हात लावा. एकाच भिंतीवर किंवा छताच्या एकाच तुकड्यावर ताजा रंग असेल तर खाली ओल आहे असं धरून चाला आणि सरळ विचारा. सुगंधी फवाऱ्याचा दर्प येत असेल तर तो कशावर मारलाय, हेही विचारा. फोनमधल्या होकायंत्रावर खिडक्यांची दिशा बघा. प्रत्येक खोलीत फोनचं नेटवर्क येतं का, प्लग कुठे आहेत, पलंग आणि फ्रिज दारातून आत जातील का, हे मोजपट्टीने बघून घ्या. इमारतीची पाण्याची टाकी, जिना आणि कचऱ्याची जागा पाहिली की देखभाल खर्च कशावर जातो ते कळतं.

घरमालकालाही बघा. दुरुस्तीबद्दल विचारल्यावर तो नीट उत्तर देतो की उडवून लावतो? आधीचे भाडेकरू किती वर्षं राहिले आणि का गेले? पाच वर्षं राहिलेला भाडेकरू ही घराची सर्वांत चांगली जाहिरात असते.

घासाघीस आणि करार

घर एक महिना रिकामं राहिलं की मालकाच्या वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के जातात. म्हणून ‘पाच टक्के कमी करा, मी येत्या आठवड्यात राहायला येतो आणि दोन वर्षं राहतो’ ही मागणी त्याच्याही फायद्याची आहे. त्याच वस्तीतल्या चार घरांचे टिपलेले भाव दाखवून शांतपणे बोला. भाडं हलत नसेल तर दुसरं काही मागा: रंगकाम, नवा गिझर, वाढीचा कमी टक्का, घर सोडताना देण्याच्या सूचनेचा कमी काळ. वार्षिक वाढीवर तर अडून बसा. १०० चं भाडं १० टक्क्यांनी वाढत गेलं तर तिसऱ्या वर्षी १२१ होतं, ५ टक्क्यांनी गेलं तर ११०.२५.

अनामत रकमेला अनेक ठिकाणी कायद्याची मर्यादा आहे. जर्मनीत ती ३ महिन्यांच्या थंड भाड्याइतकी, इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी ५ आठवड्यांच्या, न्यूयॉर्क राज्यात १ महिन्याच्या. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. तुमच्या शहराचा नियम माहीत असला की बोलणी करताना पायाखाली जमीन असते.

करार स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. भाडं आणि वाढ, अनामत कोणत्या कारणासाठी कापता येते आणि किती दिवसांत परत करायची, कोणती दुरुस्ती कोणाकडे, मुदतीआधी सोडलं तर काय, मालकाने घरात येण्याआधी किती वेळ कळवायचं. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्यात उतरवा. ‘अहो, एवढ्यासाठी काय लिहायचं’ असं मालक म्हणाले तरी नम्रपणे लिहूनच घ्या. नोंदणीचा नियम असेल तर नोंदणी टाळू नका. पुढे वाद झाला तर तोच कागद उभा राहतो.

घर न बघता, करार न होता पैसे मागितले की तिथेच थांबा. मालक परदेशात आहे, चावी कुरियरने येईल, आज पैसे भरले नाहीत तर दुसरा घेईल, या सगळ्या एकाच फसवणुकीच्या चाली आहेत. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून बघा. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडले तर उत्तर मिळालंच. मालकीचा कागद किंवा मालकाच्या नावाचं ताजं वीजबिल मागा, त्यावरचं नाव ओळखपत्राशी जुळवा. पैसे बँकेतूनच द्या.

ताबा घेताना सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, फरशीच्या भेगा, नळ, खिडक्यांच्या कड्या, मीटरचे आकडे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारखेची नोंद राहते. कराराची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख फोनवर टाकून ठेवा. त्या दिवशी वस्तीतले चालू भाव पुन्हा आठवडाभर टिपा आणि मालकाने विषय काढण्याआधी तुम्हीच नूतनीकरणाचं बोलणं सुरू करा.